ताप उतरला, मग भरती कशाला?

ऑगस्टअखेरीस नागपूरच्या मानेवाड्याहून एक आई-बाबा चार वर्षांच्या मुलाला घेऊन आले. वजन १४ किलो, चार दिवस १०३ पर्यंत ताप, दुसऱ्या दिवशीची एनएस-१ ही डेंग्यूची रक्ततपासणी पॉझिटिव्ह. त्या सकाळी ताप उतरला आणि नेमकी तेव्हाच डॉक्टरांनी भरती सांगितली. "ताप तर गेला ना म्याडम, मग आता कायले भरती करून राहिले?" आईचा प्रश्न. बाबांची काळजी वेगळी. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, ६२,००० वर आल्या म्हणून ते फोनवर रक्तदाते शोधत होते.

डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, २४ ते ४८ तास, रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतं आणि रक्त घट्ट होतं. हे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं शेकडा प्रमाण, सांगतं. या मुलाचं दोन दिवसांपूर्वी ३४ होतं, आता ४१. शिवाय सकाळपासून तीन उलट्या, पोटाला हात लावू देईना, आणि आदल्या रात्री नऊनंतर शू झालीच नव्हती. "निवांत पडून आहे," असं आई सांगत होती, पण ती मरगळ होती, तळपाय गार लागत होते. अशी लक्षणं दिसली की घरी थांबायचं नाही. नाका-हिरड्यांतून रक्त, काळी शी, चिडचिड हीसुद्धा त्यातलीच.

बाबांना स्पष्ट सांगितलं: रक्तस्राव नसेल तर नुसता आकडा पाहून प्लेटलेट चढवत नाहीत, १०,००० च्या खाली गेल्यावर तो विचार होतो. या मुलाला हवं होतं ते मोजून दिलेलं सलाईन. मोजूनच, कारण झिरपलेलं पाणी नंतर परत रक्तात येतं आणि जास्तीचं सलाईन फुफ्फुसांवर येतं. प्लेटलेट ४१,००० पर्यंत उतरल्या, मग आपोआप चढल्या. एकही पिशवी लागली नाही.

घरी चुकलं होतं ते औषधात. मेडिकलवाल्यानं दिलेल्या तापाच्या सिरपमध्ये पॅरासिटामॉलसोबत मेफेनॅमिक ॲसिड होतं. डेंग्यूची शंका असताना ते नको, आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिनही नको, रक्तस्राव वाढतो. फक्त पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम. १४ किलोला २१० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलीत २५० असलेल्या बाटलीतून साधारण ४ मिली. दोन डोसांत सहा तास अंतर, दिवसात चारच डोस. १२५ ची बाटलीही मिळते, म्हणून लेबल वाचल्याशिवाय मापाला हात लावू नका. घरी ठेवलेल्या मुलाला ओआरएस, ताक, डाळीचं पाणी थोडं थोडं देत राहा. अख्खं पाकीट, त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात. दर सहा तासांत एकदा तरी शू झालीच पाहिजे, वेळ कागदावर लिहा.

आणि कूलर! नागपुरात जूनमध्ये तो बंद होतो, टाकीतलं पाणी मात्र तसंच राहतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरडी असतानाही महिनोन् महिने तग धरतात. पाणी नुसतं ओतून भागत नाही, टाकी ब्रशनं घासायला हवी. वापरात असेल तोवर आठवड्यातून एकदा, बंद करताना घासून, पुसून, उन्हात उघडी ठेवून.