वाचकांचे प्रश्न : खून वाढले की खुनाच्या बातम्या?

प्रश्न : माझी मुलगी नोकरीवरून रात्री दहा वाजता घरी येते. कोयते घेऊन फिरणाऱ्या मुलांच्या चित्रफिती मोबाइलवर सतत येत असतात. काळ फार वाईट आला आहे, असे सोसायटीत सगळेच म्हणतात. मात्र देशातील खून कमी झाल्याचे मी वाचले. खरे काय मानावे?
– एक पालक, पुणे

उत्तर : तुम्ही वाचलेत ते खरे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार १९९२ मध्ये देशात सुमारे ४० हजार खून नोंदले गेले होते, तर २०२२ मध्ये २८,५२२. दरम्यान लोकसंख्या ५० कोटींहून अधिक वाढल्यामुळे दर लाख लोकांमागील प्रमाण साडेचारच्या आसपास होते ते २.१ वर आले. १९९७ या एकाच वर्षी कामगार नेते दत्ता सामंत आणि कॅसेट कंपनीचे मालक गुलशन कुमार यांना भररस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या, ती मुंबई पाहिलेल्या माणसांनीही ‘पूर्वी असे नव्हते’ म्हणावे, याचे मला नवल वाटते.

मी खुनाचाच आकडा घेतो, कारण खून दडपणे अवघड असते. इतर गुन्ह्यांची संख्या तक्रार करणाऱ्यावर आणि ती नोंदवून घेणाऱ्यावर अवलंबून राहते. बलात्काराचे नोंदलेले गुन्हे २०१२ मध्ये २४,९२३ होते, ते २०१३ मध्ये ३३,७०७ झाले. पण दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर कायद्यातील व्याख्या व्यापक झाली आणि गप्प बसणाऱ्या अनेकजणी पुढे आल्या, त्यामुळे या वाढीतील किती भाग प्रत्यक्ष गुन्ह्यांचा, हे केवळ आकड्यांवरून ठरवता येत नाही.

चित्रफितीत दिसतो तो बहुधा रस्त्यावरचा अनोळखी हल्लेखोर. प्रत्यक्षात २०२२ मधील ९,९६२ खुनांमागे वाद हे कारण नोंदले आहे, आणि त्याखालोखाल वैमनस्य.

अर्थात, देशाच्या सरासरीवरून तुमच्या रस्त्याची स्थिती कळत नाही, आणि कोयत्याचे प्रकार पुण्यात घडले आहेतच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानुसार प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर) पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. आपल्या पोलीस ठाण्याचे काही महिन्यांचे अहवाल जरूर पाहा. लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील अहवाल मात्र त्यातून वगळलेले असतात, आणि छेडछाडीची तर बऱ्याचदा तक्रारच होत नाही. तेव्हा त्या वाटेवर काय घडते, हे तुमच्या मुलीलाच विचारावे लागेल.