राखेची वीट विरघळली, मग सिव्हिल घेऊ की केमिस्ट्री?

तुझं पत्र वाचलं. भाताच्या तुसाची राख मातीत कालवून तू विटा पाडल्या, त्या वाळल्यावर टणक झाल्या आणि बादलीत टाकल्या तर सकाळी नुसता चिखल. त्यात बाबा म्हणतात राखेत कसलं आलंय करिअर.

आधी विटेचं बोलू. चूक तुझ्या हाताची नाही गं, चुना नव्हता. राखेत सिलिका (वाळूत असते तीच) भरपूर, चांगल्या राखेत तर ८५-९० टक्के, पण ती एकटी काहीच चिकटवत नाही, विझवलेला चुना किंवा थोडं सिमेंट आणि ओलावा मिळाला तरच तिचं सिमेंटसारखं काहीतरी बनतं, आणि तेही हळूहळू, म्हणून वीट लगेच उन्हात ठेवायची नाही, झाकून ओली ठेवायची, २८ दिवस तरी. दुसरं म्हणजे राख जळली कशी ते बघ. साधारण ५०० ते ७०० अंशांत जळलेली कामाची, फार तापली की सिलिका स्फटिक होऊन सुस्त पडते, चुन्याशी नीट जुळत नाही, आणि अर्धवट जळली तर काळी, कोळसा उरलेली. उसाच्या चिपाडाच्या राखेतही हीच भानगड. चुलीतली लाकडाची राख वेगळीच, तिच्यात सिलिका कमी, तिला यात धरू नको. आणि राख जास्त घातली की वीट मजबूत होते असंही नाही, एका प्रमाणानंतर ती पाणी जास्त पिते आणि ताकद उतरते.

आता बघ, यातलं निम्मं केमिस्ट्री आहे आणि निम्मं मातीचं. म्हणून माझं मत सिव्हिल घे, पुढे जिओटेक (मातीचं इंजिनिअरिंग) किंवा मटेरियल्सकडे (बांधकामाच्या मालाचा अभ्यास) वळ आणि केमिस्ट्री पास होण्यापुरती करू नको. नुसती केमिस्ट्री घेतलीस तर लॅबमध्ये रमशील पण भिंत उभी करायला दुसऱ्याकडे जावं लागेल (हे मला तरी खटकतं). बाबांना खरं सांग, ‘राखेची नोकरी’ अशी जाहिरात निघत नाही, काम मिळतं ते टेस्टिंग लॅबमध्ये, ब्लॉक बनवणाऱ्यांकडे, मातीची घरं बांधणाऱ्या आर्किटेक्टकडे नाहीतर रिसर्चमध्ये, आणि सुरुवातीला पगार बेताचाच. पण सिमेंट कमी वापरायचं प्रेशर सगळ्या बांधकामावर आहे, ते काही जाणार नाही.

तोवर तीन घाण्या कर, एक नुसत्या मातीची, एक माती-चुन्याची, एक माती-चुना-राखेची, आणि सगळं वजन करून वहीत लिही, अंदाजपंचे नको. राख चाळताना मास्क मात्र लावच, ती धूळ फुफ्फुसाला वाईट.