फौजेतनं बोर्ड-आउट होताय? डिस्चार्जच्या आधीच कामाला लागा

जखमी होऊन किंवा आजारामुळं मेडिकल बोर्डाच्या निर्णयानं फौज सोडावी लागणाऱ्यांचे, म्हणजे बोर्ड-आउट होणाऱ्यांचे प्रश्न यावेळी जास्त आलेत, म्हणून तेच घेतोय. बाकी पेन्शनीचं पुढच्या वेळी.

मी नाईक आहे, माइन ब्लास्टमध्ये डावा पाय गुडघ्याखाली गेला, पुण्याच्या एएलसीत (फौजेचं कृत्रिम अवयव केंद्र) नवीन पाय बसवलाय, आता बोर्ड होणार. मेव्हणा अमेरिकेत असतो, तो म्हणतोय तिकडं जखमी सैनिकाला सरकारी ऑफिसात इंटर्नशिप देतात. आपल्याकडं तसं काय आहे काय? (खानापूर तालुका)

मेव्हणा बरोबर सांगतोय. तिकडच्या संरक्षण खात्याचा ऑपरेशन वॉरफायटर म्हणून कार्यक्रम आहे, सैनिक अजून नोकरीतच असतो, उपचार चालू असतात, आणि डॉक्टर न वरिष्ठांनी हो म्हटलं की त्याला केंद्र सरकारच्या कुठल्यातरी ऑफिसात काम शिकायला पाठवतात. पगार फौजेकडनंच चालू राहतो, ऑफिस वेगळे पैसे देत नाही, पुढं नोकरी लावूच असंही कोण सांगत नाही. पण वॉर्डात पडून राहण्यापेक्षा माणूस फाइल, कॉम्प्युटर, सिव्हिलच्या लोकांची कामाची पद्धत बघून येतो. मला त्यातलं आवडतं ते एवढंच, की अंगावर युनिफॉर्म असतानाच सुरुवात होते.

आपल्याकडं हुबेहूब तसं नाही. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचं बऱ्याच जणांनी विचारलंय, ती विशी-पंचविशीतल्या पोरांसाठी आहे, ते डोक्यातनं काढा. जवळचं म्हणजे खडकीचं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, 1917 पासून जायबंदी जवानांना सिव्हिलचं काम शिकवायलाच ते उभं आहे, आणि दुसरं डीजीआरचे, म्हणजे संरक्षण खात्याच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे, रिटायरमेंटआधीचे कोर्स. त्यामुळं बोर्डाच्या कागदावर सही करायची घाई करू नका. शेल्टर्ड अपॉइंटमेंट, म्हणजे तुमच्या तब्येतीला झेपेल अशी ड्युटी, मिळते का ते विचारा, मिळाली तर राहा आणि त्या काळात कोर्सला नाव घाला. घरी आल्यावर बघू म्हणणारे घरी येतात आणि चार महिन्यांत कुठल्यातरी एटीएमच्या दारात गार्ड म्हणून उभे राहतात, कृत्रिम पाय घालून बारा तास उभं राहायचं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि घरी आल्यावर बायोडेटा लिहिताना "17 वर्षं सेवा, नाईक" एवढंच लिहू नका बघा. एकाचा बायोडेटा माझ्यापुढं आला होता, तो क्वार्टरमास्टर स्टोअरला होता आणि त्यानं खाली नुसतं "क्यूएम स्टोअर ड्युटी" लिहिलेलं, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या मॅनेजरला त्यातनं काय कळणार? आम्ही बसून ते असं केलं: स्टॉक लेजर ठेवणं, इंडेंट काढणं, माल मोजून घेणं, वर्षाची स्टॉक तपासणी, ऑडिटला उत्तरं देणं. माणूस तोच, काम तेच, पण आता तो सरळ सरळ स्टोअरकीपर दिसतोय. कारखान्यात सहा महिने शिकाऊ म्हणून कमी पैशात घेत असतील तरी जावा, फक्त शेवटी लेटरहेडवर अनुभवाचा दाखला घ्यायचा हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

पीपीओवर (पेन्शन मंजुरीचा कागद) डिसेबिलिटी 50 टक्के आहे. मग अपंग कोट्यातनं फॉर्म भरू ना? (निपाणी)

थांबा. बोर्डानं तुम्हाला 30 दिलं असेल आणि पेन्शनीसाठी ते 50 धरलं असेल, त्याला ब्रॉड बँडिंग म्हणतात आणि ते फक्त पेन्शनीच्या हिशोबाला. दिव्यांग कोटा 2016 च्या कायद्यानं चालतो, तिथं किमान 40 टक्के लागतंय आणि दाखला सिव्हिलच्या मेडिकल अथॉरिटीचा, म्हणजे यूडीआयडी, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. जिल्हा हॉस्पिटलला जाऊन नव्यानं तपासणी करून घ्या, आकडा कमी येईल नाहीतर जास्त.

तिसरी एक भानगड आहे. राष्ट्रीयीकृत बँका आणि केंद्राच्या सरकारी कंपन्यांत क ग्रुपला माजी सैनिकांना 14.5 टक्के आरक्षण आहे, त्यातले 4.5 टक्के अपंग माजी सैनिक आणि शहिदांच्या घरच्यांसाठी. पण इथं अपंग म्हणजे शत्रूशी लढताना किंवा अशांत भागात जखमी झालेला. युनिटच्या फुटबॉलमध्ये गुडघा गेला असेल तर यात बसत नाही, साध्या माजी सैनिक कोट्यातनं भरा.

कन्नड वाचता येत नाही. आम्हाला सरकारी नोकरी मिळणारच नाही काय? (येळ्ळूर)

कर्नाटक सरकारच्या भरतीत कन्नडची परीक्षा असते हे खरं, आणि शिकलेलं चांगलंच, राहतो तर इथंच. पण केंद्राची दारं उघडी आहेत. बँक क्लार्कच्या फॉर्मला राज्य निवडावं लागतं आणि त्या राज्याची भाषा यावी लागते, महाराष्ट्र निवडलं तर मराठी चालते, मात्र पोस्टिंगही तिकडंच. महाराष्ट्र सरकारच्या भरतीतही महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी माणसाला सवलत असते, 15 वर्षं राहिल्याचा दाखला लागतो. तिकडं माजी सैनिकांना क आणि ड गटात 15 टक्के आहेत. जाहिरात शेवटपर्यंत वाचा, सवलतीचं खाली बारीक अक्षरात असतंय.

नवऱ्याला नोकरी लागली तर डिसेबिलिटी पेन्शन बंद होईल म्हणून सासरे नको म्हणतात. (कंग्राळी)

नाही वहिनी, बंद होत नाही. सासऱ्यांना हेच वाचून दाखवा.

बँकेत शिपाई म्हणून कॉल आलाय, पण रेल्वेचाही फॉर्म भरलाय. जॉइन झालो तर माजी सैनिक कोटा संपतो म्हणतात. (चिकोडी)

कोट्यातनं एकदा सिव्हिल सरकारी नोकरीत जॉइन झालं की पुढच्या अर्जांना वयाची सवलत तेवढी उरते, आरक्षण नाही. पण 2014 च्या आदेशानं यातनं वाट काढून दिलीय: जॉइन होताना, तोपर्यंत कुठं कुठं अर्ज केलेत ती तारखेसकट यादी सेल्फ डिक्लेरेशन म्हणून नवीन ऑफिसात द्यायची, मग त्या यादीतल्या अर्जांना कोटा चालतो. तोंडी सांगून उपयोग नाही, दोन प्रती काढा आणि एकीवर पोचीचा शिक्का मारून घ्या. रेल्वेचा फॉर्म त्या यादीत पहिला घाला आणि बिनधास्त जॉइन व्हा.