दोन लाइन आहेत म्हणजे झालं का?

प्रश्न: आमच्या दुकानाची वेबसाइट महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये आहे. ते म्हणतात दोन कंपन्यांच्या लाइन आहेत, नेट बंद पडणारच नाही. खरं मानू का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर: लगेच मानू नका हो. आधी विचारा, दोन्ही फायबर बिल्डिंगमध्ये वेगवेगळ्या बाजूंनी येतात का, कारण कंपन्या दोन असल्या तरी केबल बऱ्याचदा एकाच रस्त्याखालच्या एकाच डक्टमधून (जमिनीखालच्या नळीतून) जातात आणि जेसीबीने एकदा खोदलं की दोन्ही एकदम जातात. मला तरी हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. समुद्रातही तेच, जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल लागोपाठ तुटल्या आणि इकडे भारतात नेट रडतखडत चालायला लागलं. दुसरं म्हणजे त्यांचा स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर त्यांच्या नेटवर्कची वेगळी ओळख) आहे का आणि दोन्ही कंपन्यांशी बीजीपी (नेटवर्कं एकमेकांना रस्ते कळवतात ती पद्धत) चालू आहे का, असेल तर एक लाइन गेली की ट्रॅफिक आपोआप दुसरीवर वळतं, साइटचा नेटवरचा पत्ता म्हणजे आयपी तोच राहतो, नाहीतर कोणी हाताने बदलेपर्यंत साइट बंद. गिऱ्हाईक इथलंच असेल तर निक्सीसारख्या एक्स्चेंजला (देशातल्या नेट कंपन्या जिथे ट्रॅफिक आपसात थेट देतात ती जागा) जोडणी आहे का तेही बघा. आणि तोंडी नको, एसएलएमध्ये (सेवेच्या हमीच्या करारात) लिहून घ्या.