लघवीची जळजळ थांबली, दहाव्या दिवशीची एचआयव्ही चाचणीही निगेटिव्ह आली. आता आणखी तपासणीची गरज आहे का?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा. घर अमळनेरला, काम सुरतेत. २४ दिवसांपूर्वी निरोध न वापरता बाहेर संबंध आला. आठवड्याभरानं लघवीला जळजळ सुरू झाली, मेडिकलवाल्यानं ‘उष्णता झाली’ म्हणून गोळ्या दिल्या आणि चार दिवसांत आराम पडला. दहाव्या दिवशी खासगी लॅबमध्ये एचआयव्हीची चाचणी केली, ती निगेटिव्ह. पुढच्या आठवड्यात गावी जायचंय, बायको तिकडेच आहे.

गरज आहे. दहाव्या दिवसाचा अहवाल हिशेबात धरू नका. जळजळ थांबली म्हणजे दुखणं गेलं, असंही समजू नका.

आधी त्या ‘उष्णते’बद्दल, कारण आपल्याकडे निम्मा घोटाळा या शब्दानं होतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५च्या पुढे जातो. पाणी कमी पडलं की लघवी गडद पिवळी होते, जळजळते, हे खरंच आहे. पण ती जळजळ भरपूर पाणी-ताक पोटात गेलं की एक-दोन दिवसांत जाते. उष्णतेनं लघवीच्या वाटे पू येत नाही, चड्डीला डाग पडत नाहीत, जांघेत गाठ येत नाही, लिंगावर चट्टा उठत नाही. जुन्या लोकांनी उपदंशाला म्हणजे सिफिलिसला ‘गरमी’ असं नाव ठेवलं, म्हणून आजही चट्टा दिसला की माणूस सब्जा आणि गुलकंद शोधत बसतो. चट्टा तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो आणि श्रेय गुलकंदाला जातं. रोग मात्र आत चालू राहतो.

तुमची जळजळ आठव्या दिवसाच्या आसपासची. परमा (गोनोरिया) साधारण २ ते ७ दिवसांत दिसतो, क्लॅमिडिया १ ते ३ आठवड्यांत. दोन्ही वेळा जुळतात, आणि दोन्ही एकाच वेळी असणं मुळीच दुर्मीळ नाही. आता ती गोळ्यांची पट्टी शोधा. मेडिकलवाले लघवीच्या जळजळीला बहुधा नॉरफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन देतात. भारतातला परमा या औषधांना फार पूर्वीच सरावला आहे, त्यानं जळजळ कमी होते पण जंतू राहू शकतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं असेल तर वेगळीच अडचण. शरीरात गरमीची सुरुवात झाली असेल तर ते तिला अर्धवट दाबून पहिला चट्टा दिसूच देत नाही. पट्टी नसेल तर दुकानात जाऊन नाव विचारून घ्या. डॉक्टरांना सगळ्यात आधी हेच लागणार आहे.

आता लघवीची तपासणी. इथे सर्वात जास्त लोक फसतात. लघवीची साधी तपासणी पू-पेशी दाखवते, त्या कशामुळे आल्या ते सांगत नाही. युरिन कल्चरमध्ये परमा आणि क्लॅमिडियाचे जंतू वाढतच नाहीत, म्हणून ‘कल्चर निगेटिव्ह’ या अहवालाला या दोन रोगांपुरती काही किंमत नाही. हवी ती तपासणी नॅट किंवा पीसीआर, म्हणजे जंतूचा अंश शोधणारी. तालुक्याच्या लॅबमध्ये ती होत नाही, नमुना बाहेर पाठवतात, खर्चही बराच येतो. नमुना देताना निदान एक तास, जमल्यास दोन तास लघवी केलेली नसावी. आधी धुवायचं नाही. धारेची पहिली २० ते ३० मिलीच बाटलीत धरायची, म्हणजे टपरीवरचा चहाचा छोटा कप अर्धाही भरणार नाही इतकी. लॅबमधला मुलगा सवयीनं ‘मधली लघवी द्या’ म्हणेल. ते कल्चरसाठी असतं. मधली लघवी दिली तर नळीतले जंतू आधीच धुऊन गेलेले असतात आणि अहवाल खोटा निगेटिव्ह येतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. योग्य अँटिबायोटिक लागू पडलं असेल तरी मेलेल्या जंतूंचे अंश काही आठवडे या तपासणीत सापडतात. त्यामुळे पॉझिटिव्ह आलं तर डॉक्टर औषधाची तारीख आणि नाव पाहून निर्णय घेतील. तारखा लिहून न्या: संबंधाची, जळजळ सुरू झाल्याची, गोळी घेतल्याची.

नॅट परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयात लक्षणांवरून औषध देतात. त्यासाठी रंगांची पाकिटं ठरलेली आहेत. पुरुषाच्या लघवीवाटे स्राव असेल तर करडं पाकीट, चट्ट्याला पांढरं, पेनिसिलिन चालत नसेल तर निळं, वगैरे. पण आता तुम्हाला लक्षण काहीच नाही, तेव्हा नुसतं ‘तपासून द्या’ म्हटलं तर परत पाठवतील. असुरक्षित संबंध, त्यानंतर जळजळ, अर्धवट गोळ्या हे तिन्ही नीट सांगा. हे ऐकल्यावर डॉक्टर तपासणीशिवायही उपचार देऊ शकतात. क्लॅमिडियाला डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ७ दिवस, आणि परम्याला सेफ्ट्रियाक्झोनचं एक इंजेक्शन, असं साधारण स्वरूप असतं. ते डॉक्टरांनीच द्यायचं. ही माहिती एवढ्यासाठी, की परम्याला नुसती सिप्रोची चिठ्ठी हातात आली तर तुम्हाला प्रश्न विचारता यावा. डॉक्सिसायक्लिनची गोळी पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. त्या आठवड्यात दुपारच्या उन्हात फिरलात तर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते.

एचआयव्हीच्या चाचणीत सगळा खेळ दिवस मोजण्याचा आहे. बोटाला टोचून करतात ती रॅपिड किट रक्तातल्या अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रथिनं, शोधते. संसर्ग झाल्यावर त्या तयार व्हायला साधारण ३ आठवडे ते ३ महिने लागतात. शिरेतलं रक्त घेऊन लॅबमध्ये करतात ती चौथ्या पिढीची चाचणी विषाणूचा तुकडाही पकडते, म्हणून ती १८ ते ४५ दिवसांत सांगू शकते. दहाव्या दिवशी या दोन्हींपैकी काहीही केलं तरी ती निगेटिव्हच येणार होती. त्या अहवालातून एवढंच कळतं, की या संबंधाच्या आधीपासून तुम्हाला हा आजार असण्याची शक्यता कमी आहे. आता एक चाचणी करून ठेवा. ४५व्या दिवशी, म्हणजे आजपासून ३ आठवड्यांनी, शिरेतल्या रक्ताची चौथ्या पिढीची चाचणी करा. ती निगेटिव्ह आली की ९९ टक्के चिंता मिटली. सरकारी केंद्रावरच्या रॅपिड किटवर अवलंबून असाल तर ९०वा दिवस निर्णायक धरा. एक किट पॉझिटिव्ह आली म्हणून कोसळू नका. केंद्रावर वेगवेगळ्या तत्त्वांच्या तीन चाचण्या जुळल्याशिवाय पॉझिटिव्ह सांगत नाहीत.

तुमच्या बाबतीत वेळ गेली आहे, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या कामी येईल: संबंधानंतर ७२ तासांच्या आत एचआयव्ही टाळणारी औषधं सुरू करता येतात. जितकं लवकर तितकं चांगलं, आणि ती २८ दिवस न चुकता घ्यायची. मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, विचारायचं. ‘सोमवारी जाऊ’ म्हणत शनिवार-रविवार घालवू नका, तातडीच्या विभागात जा.

सिफिलिससाठी आरपीआर किंवा व्हीडीआरएल ही रक्ततपासणी. चट्टा उठायला १० ते ९० दिवस लागतात, सरासरी ३ आठवडे. रक्तात खूण यायला त्याहून जास्त. म्हणून एकदा आज आणि एकदा ९०व्या दिवशी. अहवालात १:२, १:१६ असे आकडे असतात (रक्त किती पातळ केलं तरी खूण दिसते ते सांगणारे), ते जपून ठेवा, कारण उपचार लागू पडला की नाही ते त्यांवरूनच कळतं. १:३२ चं १:८ झालं म्हणजे चौपट उतरलं, औषध लागलं. १:२ सारखा बारीक आकडा कधी मलेरियातही येतो, म्हणून दुसरी चाचणी, टीपीएचए, करून खात्री करतात. ती मात्र एकदा पॉझिटिव्ह झाली की बहुधा आयुष्यभर तशीच राहते. पूर्ण बरा झालेला माणूस ती पाहून दहा ठिकाणी पुन्हा इंजेक्शनं घेत फिरतो, असं होऊ देऊ नका. उपचार म्हणजे बेन्झाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, दोन्ही ढुंगणांत अर्धं-अर्धं. पहिल्या २४ तासांत ताप, अंगदुखी येऊ शकते. जंतू एकदम मेल्यानं ती येते, अ‍ॅलर्जीनं नव्हे.

हिपॅटायटिस बी बहुतेकांच्या यादीतून राहूनच जातो. त्याची रक्ततपासणी, एचबीएसएजी, आज आणि पुन्हा ३ व ६ महिन्यांनी करा. निगेटिव्ह असेल आणि लस झाली नसेल तर लगेच सुरू करा: ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस. देशभर बाळांना ही लस २०११ नंतर मिळू लागली, म्हणजे तुमच्या वयाच्या बहुतेकांना मिळालेली नाही. हर्पिसची रक्ततपासणी, विशेषतः आयजीएम, कोणी पॅकेजमध्ये विकत असेल तर घेऊ नका. तिच्यानं निदान होत नाही, झोप तेवढी उडते. पाण्याचे फोड आले तर ते ताजे असताना डॉक्टरांना दाखवायचे, एवढंच.

कुठे जायचं? उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असतं, सगळे त्याला आयसीटीसी म्हणतात. एचआयव्ही चाचणी तिथे मोफत. आधी समुपदेशक बोलतो, संमती घेतो, मग रक्त, आणि अहवाल तुमच्याच हातात. २०१७च्या एचआयव्ही कायद्यानं संमतीशिवाय चाचणी करायला आणि तुमची माहिती दुसऱ्याला द्यायला बंदी आहे. अमळनेरला ओळखीचं कोणी रांगेत भेटेल अशी धास्ती असेल तर सुरतेतच करून घ्या, किंवा गाडीतून अलीकडे नंदुरबारला उतरा, नाहीतर अमळनेर मागे टाकून जळगावपर्यंत या. तिन्हीकडे मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. गुप्तरोगासाठी त्वचारोग विभागाकडे किंवा ‘सुरक्षा क्लिनिक’ अशी पाटी असेल तिथे जा. फोनवर आधी विचारायचं असेल तर १०९७, मोफत. स्टेशनाबाहेरच्या भिंतींवर ‘धात, गुप्तरोग, गॅरंटी’ लिहिणारे तंबूवाले या रोगांवर काहीही करू शकत नाहीत, पण तीन महिने पैसे मात्र घेऊ शकतात.

बायकोबद्दल. लघवीचा अहवाल आणि उपचार होईपर्यंत संबंध नको, औषध संपल्यावर आणखी ७ दिवस नको, आणि ९० दिवसांची रक्ततपासणी होईपर्यंत निरोधाशिवाय नको. आतापर्यंत तिच्याकडे गेला नसाल तर तिला काही लागलेलं नाही, म्हणून हे दिवस सांभाळणं सोपं आहे. मध्ये एकदा गेला असाल तर तिचीही तपासणी आणि उपचार एकाच वेळी व्हायला हवेत, नाहीतर तुम्ही बरे होऊन तिच्याकडून परत घ्याल. बाईला परमा-क्लॅमिडियाचं लक्षण बहुतेक वेळा दिसतच नाही. दिसलंच तर अंगावरून पांढरं जास्त जाणं, संबंधानंतर रक्त, ओटीपोटात दुखणं. तसंच राहिलं तर नळ्या बंद होऊन मूल राहायला अडचण येते. काही जण स्वतःच्या गोळ्या चहात कुटून बायकोला देतात. हे करू नका. ती गरोदर असेल तर डॉक्सिसायक्लिन चालत नाही, तिला कोणत्या औषधाचं वावडं आहे तुम्हाला ठाऊक नसतं. गरोदर असेलच तर तुमच्या डॉक्टरांना हे आधी सांगा, कारण सिफिलिस बाळापर्यंत जातो आणि आईला वेळेत पेनिसिलिन मिळालं तर तो अडवता येतो.

निरोधाचं म्हणाल तर तो फाटतो त्याची कारणं बहुतेक आपल्या हातातली असतात. पाकिटात, दुचाकीच्या डिक्कीत, ट्रकच्या डॅशबोर्डवर ठेवलेला निरोध आपल्या उन्हात महिन्याभरात कडक होतो. घरात कोनाड्यात ठेवा, लागेल तेव्हाच एक खिशात घ्या. वापरण्याआधी तारीख बघा आणि पाकीट बोटांनी दाबा, आत हवेचा फुगा जाणवला पाहिजे. दातांनी फाडू नका. टोक चिमटीत धरून हवा काढा, सुरुवातीपासूनच चढवा, अर्ध्यात नाही. खोबरेल तेल, शेंगदाण्याचं तेल, व्हॅसलीन लावलं की रबर काही मिनिटांत कमकुवत होतं. ओलावा हवा तर पाण्यावर आधारलेली जेल. दोन चढवले तर घासून लवकर फाटतात. बाहेर काढताना बुडाशी धरा, ढिला पडण्याआधी. नंतर डेटॉलनं धुणं हा उपाय नाही, उलट कातडी सोलून निघते. शिवाय निरोध झाकतो तेवढीच जागा वाचते. सिफिलिस, हर्पिस, एचपीव्ही (चामखिळी आणणारा विषाणू) शेजारच्या कातडीतूनही लागतात, म्हणून निरोध वापरणाऱ्यानंही वर्षाला एकदा रक्त तपासावं.

मधल्या काळात आठवड्यातून एकदा अंघोळीनंतर चांगल्या उजेडात बघत जा: कातडी मागे ओढून आतली बाजू, वृषणांची मागची बाजू, दोन्ही जांघा. सकाळी पहिल्या लघवीआधी बुडाकडून टोकाकडे हलकं दाबून थेंब येतो का ते पाहा. न दुखणारा चट्टा दुखणाऱ्यापेक्षा जास्त संशयाचा. तळहात-तळपायांवर लालसर, न खाजणारे ठिपके आले तर तो घामोळ्यांचा प्रकार नव्हे. एका बाजूचं वृषण सुजलं, दुखलं, किंवा तापासोबत गुडघा-घोटा धरला, तर अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जा. आणि ‘रक्तदान केलं की फुकटात तपासणी होते’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. तुम्ही सध्या नेमक्या त्या दिवसांत आहात जेव्हा रक्त चाचणीत स्वच्छ दिसूनही दुसऱ्याला रोग देऊ शकतं.