जुनी इलेक्ट्रिक कार घेताना बॅटरी किती शाबूत आहे, हे कसं ओळखायचं?

डॅशबोर्डवर दिसणाऱ्या रेंजवर अजिबात विसंबू नका. तो आकडा आधीच्या मालकाने गाडी कशी चालवली यावरून काढलेला अंदाज असतो; सावकाश चालवलेली थकलेली बॅटरीसुद्धा छान रेंज दाखवते.

त्यापेक्षा स्वतः हिशोब करा. समजा बॅटरीची वापरण्याजोगी क्षमता नवी असताना ४० युनिट (kWh) होती. चार्ज ९० टक्के असताना ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि ४० टक्क्यांपर्यंत गाडी चालवा. म्हणजे ५० टक्के वापरली, २० युनिट खर्च दिसायला हवेत. १६च दिसले तर क्षमता साधारण ८० टक्के उरली आहे. घाईत फक्त पाच-दहा टक्के चार्ज वापरून हे करू नका, आकडा फसवा येतो. विक्रेता एवढी लांब चक्कर मारू देत नसेल तर मी तरी ती गाडी सोडून देईन.

ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं छोटं यंत्र) लावून 'स्टेट ऑफ हेल्थ', म्हणजे बॅटरीची उरलेली क्षमता, आणि बॅटरी ज्या छोट्या सेलची बनते त्यांच्यातला व्होल्टेजचा फरकही बघा. एखादाच सेल मागे पडत असेल तर एकूण टक्केवारी चांगली असूनही पुढे त्रास होतो.

निसान लीफच्या पहिल्या दोन पिढ्यांपैकी गाडी असेल तर जास्त जपून, तिच्या बॅटरीला द्रव कूलिंग (द्रव फिरवून थंड ठेवण्याची सोय) नाही, त्यामुळे उष्णतेने ती लवकर थकते. बऱ्याच कंपन्या बॅटरीला ८ वर्षांची वॉरंटी देतात. ती नव्या मालकाच्या नावावर होते का, हे लेखी घ्या.