वाचकांचे प्रश्न: परिच्छेदात बाजार कसा भरवायचा?

प्रश्न : मुलगा नववीत आहे. आठवडी बाजारावरच्या परिच्छेदात त्यानं लिहिलं, ‘खूप गर्दी होती. रंगीबेरंगी भाज्या होत्या. वातावरण उत्साही होते.’ ‘चित्र उभं राहत नाही’ असा शेरा मिळाला. काय सुधारावं? – एक पालक, बार्शी

वाक्यं शुद्ध आहेत, पण ती कुठल्याही गावच्या बाजाराला लागू पडतील. लिहिण्याआधी दोन गोष्टी ठरवायला सांगा : वेळ कोणती आणि आपण उभे कुठे आहोत. ‘संध्याकाळ’ एवढं पुरत नाही. ‘बाजार उठायच्या अर्धा तास आधी, भाजीच्या रांगेच्या टोकाला’ असं हवं.

मग वही घेऊन त्याच जागी दहा मिनिटं उभं राहायचं आणि पंधरा-वीस नोंदी करायच्या. फक्त वस्तू आणि हालचाली, विशेषणं नकोत. पहिल्या पाच-सहा नोंदी बहुधा घरूनच ठरवून आणलेल्या असतात : गर्दी, आरडाओरडा, ताजी भाजी. त्या खोडा. उरलेल्यांतून त्या वेळेच्याच अशा पाच-सहा ठेवा; शंभरेक शब्दांना तेवढ्या पुष्कळ होतात. बाकीच्या टाकताना हात आखडतो, तरी टाकायच्या. मग असं काही हाती येतं :

‘ऊन उतरलं तशी भाजीवाली मेथीवरचं ओलं गोणपाट काढते. दुपारी वीसला एक असलेली जुडी आता वीसला दोन. पलीकडचा कांदेवाला तराजू सोडतो. पारड्याला पासंग म्हणून बांधलेला दगड आधी खिशात जातो. रांगेच्या दुसऱ्या टोकाला टेम्पोचं फाळकं आपटतं आणि कोबीच्या पाल्यात तोंड घातलेली गाय मान वर करते.’

‘बाजार उठत होता’ असं यात कुठेच म्हटलेलं नाही. ते उतरलेल्या भावावरून आणि सोडलेल्या तराजूवरून कळतं. नजरही एकाच दिशेनं, जवळून लांब जाते. मेथीवरून देवळाच्या कळसावर आणि तिथून परत पायातल्या चिखलात उडी मारली, की वाचक हरवतो.

प्रश्न : मुलांचं प्रत्येक वाक्य ‘होता-होती-होते’वर संपतं. उपाय? – एक शिक्षिका, चिपळूण

आधी मुलांनाच वाक्यांचे शेवट अधोरेखित करू द्या. आठ वाक्यांत तीनपेक्षा जास्त ‘होते’ आले, तर दुरुस्ती हवी. ‘ओसरीवर झोपाळा होता. त्याच्या कड्या गंजल्या होत्या. त्या वाजत होत्या.’ या तिन्हींचं एक वाक्य होतं : ‘ओसरीवरच्या झोपाळ्याच्या गंजक्या कड्या दर झोक्याला कुरकुरत.’ पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टीला हा रीती भूतकाळ फार शोभतो, आणि मुलं तो जवळजवळ वापरतच नाहीत. दुसरी वाट म्हणजे क्रियापदच गाळायचं : ‘ओसरीवर झोपाळा. त्यावर अर्धवट निवडलेले तांदूळ.’ हे एका परिच्छेदात फार तर दोनदा. पुढे ती सामानाची यादी वाटू लागते. सगळा परिच्छेद वर्तमानकाळात नेणं सर्वांत सोपं, पण मग मध्येच ‘होता’ डोकावला की तो लगेच खटकतो.

जाता जाता : झरा खळखळला, पानं सळसळली, पाऊस रिमझिमला, या जोड्या वापरून वापरून बोथट झाल्या आहेत. पत्र्यावरचा, केळीच्या पानावरचा आणि छत्रीवरचा पाऊस वेगवेगळा वाजतो. कुठल्यावर पडतोय तेवढं लिहिलं, तरी आवाज वाचकाच्या कानात येतो.

प्रश्न : परिच्छेदात पाचही ज्ञानेंद्रियं आणायलाच हवीत का? आणि परीक्षेत बाजारात जाऊन उभं कसं राहणार? – एक विद्यार्थिनी, नांदेड

पाच नकोत. डोळ्यांच्या जोडीला आणखी एक इंद्रिय पुरे. ओढूनताणून आणलेली चव लगेच कळते. वासाचा उगम मात्र सांगा. ‘सुगंध दरवळत होता’ यातून काही हाती लागत नाही, ‘भिजलेल्या गोणपाटाचा वास’ यातून लागतं.

परीक्षेसाठी तीन-चार जागांच्या नोंदी आधीच करून ठेवा : एसटी स्टँड, बाजार, शाळेचं मैदान, पावसातली गल्ली. विषय थोडा बदलला तरी त्यांतलंच काही उपयोगी पडतं. ‘जत्रा’ आली, तर बाजाराच्या नोंदींतला उतरता भाव आणि टेम्पोचं फाळकं तिथेही चालेल. पेपरात पहिली तीन मिनिटं कच्च्या नोंदींना द्या आणि पहिलं वाक्य ‘गर्दी’ने सुरू करू नका.